उत्तरच आलं नाही, तर दाद कशाविरुद्ध मागायची?

पेट झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिससाठी विषय हवा. अशा वेळी ‘सरकारी दिरंगाई’ हा विषय फार मोहात पाडतो. प्रत्येकाला अनुभव असतो, प्रत्येकाला राग असतो, आणि ‘विलंबामुळे अर्जदाराचं नुकसान होतं’ हे वाक्य आपल्याला पुराव्याआधीच पटलेलं असतं. घोळ तिथेच होतो. म्हणून आज मुद्दाम लांबचं उदाहरण घेते, ज्यात तुमचा-माझा राग गुंतलेला नाही. स्कॉटलंडमध्ये कौन्सिलने (म्हणजे तिथल्या महापालिकेने) परवान्याचा अर्ज रखडवला, तर कोर्टात जाऊन काय मिळतं?

मी विज्ञान शाखेची, वकील नाही. त्यामुळे हा कायदेशीर सल्ला समजू नका. कलम वाचताना मी एवढंच बघते: घड्याळ कधी सुरू होतं, कोण थांबवू शकतं, आणि काहीच घडलं नाही तर निकाल काय दिसतो. या तीन प्रश्नांनी वाचलं की माझं मत असं बनतं. स्कॉटलंडने विलंबावर शोधलेलं औषध, म्हणजे ‘मुदतीत उत्तर नाही तर परवाना मिळाला असं समजायचं’, हे दिसतं तितकं अर्जदाराच्या बाजूचं नाही. शेजाऱ्याच्या बाजूचं तर मुळीच नाही. आणि फक्त न्यायनिर्णय वाचून संशोधन करणाऱ्याला यातलं बरंचसं दिसतच नाही.

आधी नावांची फसगत

मराठी वाचकाला इथे दोन शब्द हमखास चकवतात. ‘शेरीफ’ म्हटलं की आपल्याला मुंबईचं ते मानाचं पद आठवतं, नगरपालाचं. स्कॉटलंडमधला शेरीफ मात्र चक्क न्यायाधीश असतो, शेरीफ कोर्टात बसून खटले चालवणारा. दुसरा शब्द ‘कोर्ट ऑफ सेशन’. आपलं ‘सेशन्स कोर्ट’ जिल्ह्याच्या पातळीवरचं फौजदारी न्यायालय. एडिंबरामधलं कोर्ट ऑफ सेशन हे स्कॉटलंडचं सर्वोच्च दिवाणी न्यायालय. ही गल्लत केलीत तर तुमचं अख्खं प्रकरण चुकीच्या मजल्यावर उभं राहील.

तिसरी गल्लत नावाची नाही, ढिगाऱ्याची आहे. दारूचे परवाने लायसन्सिंग बोर्ड देतं, ते कायद्याने कौन्सिलपासून वेगळं असतं आणि त्याचा कायदाही वेगळा आहे, २००५चा. टॅक्सी, रस्त्यावरचे विक्रेते, जुन्या वस्तूंचे व्यापारी, रात्री उशिरा चालणारी खाद्यगृहं, अगदी खिडक्या पुसणारे, हे सगळे ‘सिव्हिक गव्हर्नमेंट (स्कॉटलंड) ॲक्ट १९८२’ खाली येतात. पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने द्यायच्या घरांचे परवानेही २०२२च्या आदेशाने याच कायद्याखाली आले. मी इथे फक्त या १९८२च्या कायद्याबद्दल बोलतेय. ‘स्कॉटलंडमधले परवाने’ असा एकच गठ्ठा करू नका.

नकाराला तारीख असते

समजा कौन्सिलने परवाना नाकारला. पुढची वाट सरळ आहे. २८ दिवसांत शेरीफकडे अपील करायचं. आधार चार: कायद्याची चूक, वस्तुस्थितीची महत्त्वाची चूक, नैसर्गिक न्यायाचा भंग, किंवा अधिकाराचा गैरवाजवी वापर. शेरीफ प्रकरण परत पाठवू शकतो किंवा निर्णय बदलू शकतो.

आता समजा कौन्सिलने काहीच केलं नाही. अपील कशाविरुद्ध करणार? निर्णयच नाही. मग उरतं न्यायिक पुनर्विलोकन, आणि ते शेरीफ कोर्टात होत नाही, त्यासाठी कोर्ट ऑफ सेशनच गाठावं लागतं. आपल्याकडे अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाकडे परमादेश मागतात, तशी रिट तिथे नाही. पण काम तेच करणारी तरतूद आहे. कोर्ट ऑफ सेशन ॲक्ट १९८८च्या कलम ४५(ब) प्रमाणे न्यायालय वैधानिक कर्तव्य पार पाडण्याचा हुकूम देऊ शकतं, आणि तो पाळला नाही तर दंड-कैदेची अटही घालू शकतं. वाचायला जबरदस्त वाटतं.

पण त्याच कायद्यात २०१५पासून आलेलं कलम २७ए बघा. पुनर्विलोकनाचा अर्ज तक्रारीचं कारण पहिल्यांदा निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांत करायचा. परिस्थिती पाहून न्यायालय मुदत वाढवू शकतं, पण सर्वसाधारण नियम तीन महिन्यांचा. शिवाय आधी परवानगी लागते, आणि ती मिळवायला प्रकरणात पुरेसा हितसंबंध आणि यशाची खरी शक्यता दाखवावी लागते. आता सांगा, विलंबाचं कारण ‘पहिल्यांदा’ कधी निर्माण होतं? दुसऱ्या महिन्यात? पाचव्या? नकाराच्या पत्रावर तारीख असते, विलंबावर नसते. लवकर गेलात तर ‘अजून मुदत आहे’, उशिरा गेलात तर ‘इतके दिवस काय करत होतात?’ अर्जदार या दोन उत्तरांच्या मध्ये सापडतो.

याच्या उलट टोकाचं उदाहरण म्हणजे जून २०२३मधला एडिंबराचा निकाल. एकाच जिन्याभोवती बांधलेल्या दगडी इमारतींना तिथे टेनेमेंट म्हणतात. अशा इमारतीत मालक स्वतः राहत नसलेला फ्लॅट पर्यटकांना द्यायचा असेल, तर परवाना नाकारायचा असं गृहीत धरूनच सुरुवात करायची, अर्जदाराने आपला फ्लॅट अपवाद कसा ते पटवून द्यायचं, असं कौन्सिलचं धोरण होतं. लॉर्ड ब्रेड यांनी ते बेकायदा ठरवलं. जमिनीवर गालिचे किंवा तत्सम आच्छादन घालायची सरसकट सक्ती, आणि तात्पुरत्या परवान्याची सोयच न ठेवणं, हेही टिकलं नाही. या खटल्यात न्यायालयाला पकडायला काहीतरी होतं: छापील धोरण, त्यातली वाक्यं, मंजुरीची तारीख. कौन्सिल चुकीचं बोललं तर न्यायालय त्याला धरू शकतं. गप्प बसलं तर धरायला हातच सापडत नाही. ‘स्कॉटिश न्यायालयं कौन्सिलला वठणीवर आणतात’ असं या एका निकालावरून लिहिणारा विद्यार्थी धोरणावरचा निकाल विलंबाच्या खात्यात टाकत असतो.

एकाच कौन्सिलच्या मौनाचे तीन अर्थ

कायदा करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. म्हणून १९८२च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये त्यांनी मौनालाच अर्थ दिला. मूळ तरतुदीत अर्जाचा विचार ३ महिन्यांत आणि अंतिम निर्णय ६ महिन्यांत करायचा होता. २०१५च्या दुरुस्तीनंतर निर्णयाची मुदत ९ महिन्यांवर गेली. मुदतीत निर्णय झाला नाही तर परवाना एका वर्षासाठी मंजूर झाला असं धरायचं. यासाठी मराठीत नेमका शब्द आहे, ‘मानीव’. सोसायटीच्या मानीव अभिहस्तांतरणामुळे तो घराघरांत पोचलाय. बांधकाम परवानगीतही हीच कल्पना आहे: महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम ४५ मध्ये नियोजन प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मानीव होते, बांधकाम नियमांत बसणारं असेल तर.

पण स्कॉटलंडमध्ये त्याच कौन्सिलचं मौन दुसऱ्या टेबलावर दुसरंच बोलतं. नियोजन परवानगीच्या कायद्यात (१९९७) लहान प्रकल्पासाठी साधारण २ महिन्यांची मुदत आहे. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर अर्जदार ते नकार समजून वर दाद मागू शकतो. म्हणजे इथे मौन म्हणजे नाही. तिसरं टेबल माहिती अधिकाराचं. २००२च्या स्कॉटिश कायद्यानुसार कामकाजाच्या २० दिवसांत माहिती द्यायची. नाही दिली तर आधी फेरविचार मागायचा, मग माहिती आयुक्तांकडे जायचं. इथे मौन होकारही नाही, नकारही नाही, ती नुसती चूक आहे.

आता एडिंबराच्या घरमालकाची कल्पना करा. ५ सप्टेंबर २०२२पासून अख्खं शहर अल्पमुदतीच्या भाड्यासाठी नियंत्रण क्षेत्र आहे. त्यामुळे स्वतः राहत नसलेलं संपूर्ण घर आता नव्याने पर्यटकांना द्यायचं असेल तर नियोजन परवानगीही हवी आणि परवानाही हवा. घर एकच, कौन्सिल एकच. एका खात्याचं गप्प बसणं म्हणजे नकार, दुसऱ्याचं म्हणजे मंजुरी. ‘विलंबाचा परिणाम काय?’ असा संशोधन-प्रश्न एका ओळीत लिहून गाईडसमोर ठेवलात, तर पहिला प्रतिप्रश्न हाच यायला हवा: कुठल्या कायद्याखालचा विलंब?

औषध तपासून बघू

मानीव परवान्याचं कौतुक करणाऱ्यांचा मुद्दा मला मान्य आहे. सामान्य अर्जदाराला कोर्ट ऑफ सेशन परवडणं कठीण. टॅक्सी चालवू इच्छिणाऱ्याने तिथे वकील कसे लावायचे? त्याला खटल्याशिवाय उत्तर देणारा नियम ही मोठी सोय आहे. पण सोय कुणाची, किती, हे मोजायला हवं. माझे आक्षेप चार.

पहिला, भांडण संपत नाही, जागा बदलतं. आता वाद ‘उशीर झाला का?’ हा नसतो, ‘घड्याळ कधी सुरू झालं?’ हा असतो. एक कागद कमी असलेला अर्ज हा अर्ज धरायचा का? नकाशा पुन्हा मागवला तर दिवस पहिल्यापासून मोजायचे का? शिवाय मुदत संपण्याआधी कौन्सिल स्वतः शेरीफकडे जाऊन योग्य कारण दाखवून मुदतवाढ मागू शकतं. त्या सुनावणीत अर्जदाराला पक्षकार होता येतं, हे चांगलं. पण गंमत बघा, विलंबाच्या या कायद्यात शेरीफचं दार आधी कौन्सिलसाठी उघडतं, तेही विलंब वाढवण्यासाठी.

दुसरा आक्षेप, नियम मुदत पाळायला लावतो, विचार करायला नाही. मुदत संपत आली आणि फाईल अर्धवट आहे, अशा वेळी अधिकाऱ्यासमोर काय पर्याय उरतो? गप्प बसलं तर मंजुरी. म्हणून नकार देऊन मोकळं व्हायचा मोह होतो. आणि नकार महाग पडतो. परिस्थितीत महत्त्वाचा बदल झाला नसेल तर तोच अर्ज पुढचं वर्षभर घेतला जात नाही. म्हणजे घाईने दिलेला नकार रखडलेल्या अर्जापेक्षा जास्त नुकसान करू शकतो. विलंब हेच एकमेव नुकसान धरलं तर हे नुकसान तुमच्या तक्त्यात शून्य दिसेल.

तिसरा आक्षेप शेजाऱ्याच्या वतीने. टेनेमेंटमध्ये जिना सगळ्यांचा असतो. दर तीन दिवसांनी नवे पाहुणे, रात्री बॅगांची चाकं, दार उघडं राहिलेलं. या शेजाऱ्याने मुदतीत हरकत नोंदवली. कौन्सिलने नऊ महिने काही केलं नाही आणि परवाना मानीव झाला. शेजाऱ्याची हरकत कुणी फेटाळली? कुणीच नाही, कारण ती वाचून निर्णय देण्याची वेळच आली नाही. अर्जदाराच्या बाबतीत मौनाला अर्थ मिळाला, शेजाऱ्याच्या बाबतीत नाही. पुढे त्रास झाला तर परवाना निलंबित करायचा अधिकार कौन्सिलकडे राहतो, हे खरं. पण आधी ऐकून घेणं वेगळं आणि त्रास झाल्यावर तक्रार घेणं वेगळं. चूक कौन्सिलची, किंमत तिसऱ्याने मोजायची, हा या रचनेतला दोष मला सगळ्यात मोठा वाटतो.

चौथा आक्षेप: नऊ महिने हा आकडा सगळ्यांसाठी सारखा नसतो. एडिंबराचे मोठे महोत्सव ऑगस्टमध्ये असतात. १० जानेवारीला अर्ज केलेल्या नव्या घरमालकाची मुदत १० ऑक्टोबरच्या सुमारास संपते. परवाना मिळेपर्यंत त्याला बुकिंग घेता येत नाही. कौन्सिलने कायदा तंतोतंत पाळला तरी त्याचा ऑगस्ट गेलाच. विलंब ‘बेकायदा’ ठरण्याआधीच नुकसान पूर्ण झालेलं असतं, आणि तोवर न्यायालयात जाऊन ‘कायद्याने दिलेली मुदत जास्त आहे’ असं म्हणता येत नाही.

जुन्या घरमालकांचं उलट होतं. १ ऑक्टोबर २०२२च्या आधीपासून घर भाड्याने देणाऱ्यांनी १ ऑक्टोबर २०२३च्या आत अर्ज केला असेल, तर निकाल लागेपर्यंत त्यांना धंदा चालू ठेवता येत होता. त्यांच्या अर्जांवर निर्णयासाठी कौन्सिलला १२ महिने होते. त्यांच्यासाठी विलंब म्हणजे आणखी एक हंगाम. एकच विलंब, एकाला तोटा, दुसऱ्याला फायदा. दोघांचे महिने एकत्र करून सरासरी काढलीत तर हाती येणारा आकडा कुणाचाच नसेल.

न्यायनिर्णयांत न दिसणारे अर्ज

आता खास तुमच्यासाठीचा भाग. समजा या विषयावर तुम्ही काम करायचं ठरवलंत. सगळ्यात सोपं काय? निकालांच्या संकेतस्थळावर जाऊन ‘लायसन्सिंग’ आणि ‘डिले’ शोधायचं. पण तिथे पोचतात ती कोणती प्रकरणं? ज्यांच्याकडे पैसा होता, धीर होता, आणि ज्यांना मध्येच परवाना मिळाला नाही. नोटीस गेल्याबरोबर कौन्सिलने फाईल हलवली, तर खटला संपतो आणि निकाल लिहिलाच जात नाही. म्हणजे न्यायालयाच्या धाकाचा जिथे सर्वाधिक उपयोग झाला, नेमकी तीच प्रकरणं तुमच्या नमुन्यातून गळतात. परत आलेल्यांनाच मोजायचं, असा हा प्रकार.

मग म्हणाल, कौन्सिलकडूनच आकडे घेऊ. १९८२च्या कायद्याने अर्जांची आणि निर्णयांची नोंदवही ठेवणं बंधनकारक आहे, माहिती अधिकारही आहे. उत्तम. पण तिथेही सापळा आहे. एक काल्पनिक उदाहरण घ्या. दहा अर्ज आले. सहांचे निर्णय २, ३, ३, ४, ४ आणि ५ महिन्यांत लागले. उरलेले चार आठ महिने झाले तरी पडून आहेत. कौन्सिल सांगतं, ‘सरासरी निर्णयकाळ ३.५ महिने.’ खोटं नाही. सहा अर्जांची बेरीज २१, भागिले ६. पण जे सर्वांत जास्त रखडले तेच हिशेबाबाहेर.

संख्याशास्त्रात याला सेन्सॉर्ड डेटा म्हणतात: घटना अजून घडलेली नाही, पण ‘किमान आठ महिने’ इतकं आपल्याला माहीत आहे. ती माहिती फेकायची नसते. इथे मध्यक काढून बघा. दहा अर्ज चढत्या क्रमाने लावले तर पाचवा ४, सहावा ५, म्हणजे मध्यक ४.५ महिने. पडून असलेल्या चारांचा अंतिम आकडा माहीत नसतानाही तो बरोबर निघतो, कारण ते चारही त्याच्या पलीकडेच आहेत. सरासरीचं तसं नाही. रुग्णांच्या अभ्यासात वापरतात ती सर्व्हायव्हल ॲनालिसिसची पद्धत फायलींनाही चालते.

आणखी एक गोष्ट तपासता येईल. माझा दुसरा आक्षेप खरा असेल, तर मुदतीच्या ऐन तोंडावर निर्णयांची गर्दी दिसायला हवी, आणि त्या गर्दीत नकारांचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त हवं. तसं दिसलं नाही तर माझा आक्षेप चुकीचा, आणि मी तो मागे घेईन. हे मुद्दाम लिहितेय. टीका करताना ‘कुठला पुरावा आला तर मी मत बदलेन’ हे आधीच सांगायची सवय लावा. व्हायवात हाच प्रश्न येतो, फक्त शब्द वेगळे असतात.

तर मग कोर्टात जाऊन मिळतं काय?

माझ्या वाचनाप्रमाणे, १९८२च्या कायद्याखाली न्यायालयाचं खरं काम ‘लवकर करा’ म्हणून कौन्सिलच्या पाठीमागे लागणं हे नाही. ते काम कलम ३ ने आधीच मुदतीवर सोपवलंय. न्यायालयाकडे उरतं ते तारखांचं काम: अर्ज कधी झाला, मुदत कधी संपली, मुदतवाढीचं कारण योग्य होतं का, निर्णय अंतिम होता का. काम रुक्ष आहे, पण एखाद्याचा परवाना आहे की नाही हे त्यावरच ठरतं. सुधारणा सुचवायची असेल तर मी दोन गोष्टी मागेन. अर्ज पूर्ण धरल्याची तारीख कौन्सिलने लेखी कळवावी, म्हणजे घड्याळाचा वाद तिथेच मिटेल. आणि हरकत आलेली असेल तिथे मानीव परवान्याआधी हरकतदाराला शेरीफसमोर बोलायची संधी मिळावी. दुसरीमुळे अर्जदाराला थोडं थांबावं लागेल, हे मला कळतं. तरीही मागेन.

तुमचा विषय स्कॉटलंड नसेलच. शिष्यवृत्ती असेल, जात पडताळणी असेल, रेशनकार्ड असेल. तरी सिनॉप्सिस गाईडकडे पाठवायच्या आधी एका कागदावर चार गोष्टी लिहून काढा. घड्याळ कधी सुरू होतं? उत्तर नाही आलं तर कायदा त्याचा काय अर्थ लावतो? विलंबाचा फायदा कुणाला होतो? आणि माझ्या आकडेवारीत न संपलेली प्रकरणं कुठे आहेत? चौथ्याचं उत्तर ‘नाहीत’ असं आलं, तर विषय बदलू नका, डेटा बदला.